प्रसंगोपात्त अलंकारदान आणि स्त्रीधनाचा प्रश्न

लग्न, दिवाळसण, बारसे, साठी अशा प्रसंगी द्यावयाचा दागिना निवडताना आज आपण सामान्यतः तीन गोष्टी पाहतो : तो किती वजनाचा आहे, त्याची घडण कशी आहे आणि ज्याला द्यावयाचा त्याला तो शोभेल की नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी याच व्यवहाराचा विचार करताना निराळेच प्रश्न विचारले होते. दागिना कोणी दिला, कोणत्या प्रसंगी दिला आणि देताना काही अट घातली होती काय, हे ते प्रश्न होत. कारण तो दागिना पुढे कोणाचा राहणार, हे त्यांच्या उत्तरांवर अवलंबून होते. दागिन्यांविषयी मराठीत जे लेखन वाचावयास मिळते त्यात नावे, आकार आणि घडणीचे प्रकार यांची चर्चा पुष्कळ असते; हा स्वामित्वाचा प्रश्न मात्र बहुधा वकिलांवर सोपविलेला असतो. वस्तुतः दागिन्याची निवड आणि त्याचे स्वामित्व या दोन गोष्टी आपल्या समाजात फार काळ एकमेकींत गुंतलेल्या होत्या, आणि एकीवाचून दुसरीचा उलगडा नीट होत नाही. प्रस्तुत लेखात हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

राजदरबारी होणारे अलंकारदान मात्र या विवेचनातून वगळले आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन शिवछत्रपतींच्या सिंहासनासमोर उभा राहिला, तेव्हा नजर करावयाची हिऱ्याची अंगठी नारायण शेणव्याने हात उंचावून दाखविली. ही भेटही प्रसंगाला धरूनच होती आणि विचारपूर्वक निवडलेली होती. परंतु तिच्यामागे व्यापाराच्या सवलतींचे राजकारण होते आणि तिच्या स्वामित्वाविषयी कोणाला शंका नव्हती. आपला विषय घरातला आहे, आणि शंका जी आहे ती तेथेच आहे.

या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट जुनी मांडणी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळते. या ग्रंथाची प्रा. कंगले यांनी सिद्ध केलेली संशोधित आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रसिद्ध केली आणि त्यामुळे अभ्यासकांची फार मोठी सोय झाली. तिसऱ्या अधिकरणाच्या दुसऱ्या अध्यायात कौटिल्य स्त्रीधनाचे दोन भाग करतो. एक वृत्ती, म्हणजे निर्वाहाचे साधन. दुसरा भाग अंगावर बांधावयाच्या, अर्थात लेवावयाच्या वस्तूंचा, म्हणजे दागिन्यांचा. वृत्तीला तो दोन हजार पणांची मर्यादा घालतो. दागिन्यांना मात्र कोणतीही मर्यादा नाही असे स्वच्छ सांगतो. या भेदाचे कारण त्याने दिलेले नाही. तरीसुद्धा एवढे म्हणावयास हरकत नसावी की, स्त्रीच्या हाती रोकड किती असावी याची चिंता ज्या व्यवस्थेला वाटत होती, तिला तिच्या अंगावर सोने किती असावे याची चिंता वाटली नाही. अंगावरचे सोने चारचौघांच्या दृष्टीसमोर असते आणि ते सहसा घराबाहेर जात नाही, अशी त्यामागची समजूत असावी.

कौटिल्य येथेच थांबत नाही. पती परगावी गेला असून त्याने निर्वाहाची तजवीज केली नसेल, तर स्त्रीने हे धन स्वतःच्या, मुलाच्या आणि सुनेच्या पोषणासाठी वापरण्यात दोष नाही, असे तो म्हणतो. चोर, रोग, दुष्काळ आणि अन्य संकटे यांच्या निवारणासाठी, तसेच धर्मकार्यासाठी पतीनेही ते घ्यावयास हरकत नाही. धर्म्य विवाहांत अपत्ये झालेल्या दांपत्याने ते मिळून वापरले आणि तीन वर्षे लोटली, तर त्याबद्दल तक्रार चालणार नाही. गांधर्व आणि आसुर विवाहांत ते व्याजासह परत करावे लागते. राक्षस आणि पैशाच विवाहांत तर तो वापर चोरीच समजावा, असा त्याचा दंडक आहे. मुदत, व्याज, चोरी ही भाषा मुरलेल्या व्यवहारज्ञाची आहे. पत्नीचा दागिना पती मोडतो ही गोष्ट कौटिल्याला नवी नव्हती. ती केव्हा क्षम्य आणि केव्हा दंडनीय, एवढेच त्याला ठरवावयाचे होते.

मनुस्मृतीतील स्त्रीधनाची गणना पाहिली तर ती मालमत्तेच्या प्रकारांची नसून बहुतांशी प्रसंगांची आणि दात्यांची गणना आहे, हे चटकन लक्षात येते. विवाहाग्नीसमोर दिलेले, वधू सासरी निघताना दिलेले, प्रेमाने दिलेले, आणि भाऊ, आई, बाप यांच्याकडून मिळालेले, असे ते सहा प्रकार होत. मनूने आणखी एक नियम सांगितला आहे. पती जिवंत असताना स्त्रीने जे अलंकार अंगावर वागविले ते वारसांनी आपसांत वाटून घेऊ नयेत. वाटून घेतील ते पतित होतील. या नियमात दागिना दिला होता काय, हा प्रश्नच विचारलेला नाही. तो लेवला होता, एवढे पुरे मानले आहे. पतीच्या संमतीने नित्य वापरलेला दागिना, विधिपूर्वक दिलेला नसला तरी, स्त्रीचाच होतो, असा अर्थ काही टीकाकारांनी त्यातून काढला आहे. या अर्थाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

याज्ञवल्क्याच्या यादीत एक असा प्रसंग आहे की, तो वाचताना आजचा वाचक थबकल्यावाचून राहणार नाही. पती दुसरी पत्नी करतो त्या वेळी पहिलीला जे द्यावयाचे त्याला ‘आधिवेदनिक’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. पहिलीला पूर्वी स्त्रीधन दिलेले नसेल तर नव्या विवाहाच्या खर्चाइतके द्यावे, दिलेले असेल तर निम्मे द्यावे, असे प्रमाणही ठरवून दिले आहे. विशेष प्रसंगी पतीने पत्नीला द्यावयाच्या देणगीचा शास्त्रात ज्याचा इतका काटेकोर हिशेब आढळतो तो प्रसंग हा असा आहे! भेटवस्तूमागे नेहमी प्रेमच असते असे मानणाऱ्यांनी हे एक प्रकरण अवश्य ध्यानात ठेवावे.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वचने कात्यायनाची आहेत. त्याची स्मृती समग्र स्वरूपात उपलब्ध नाही. निबंधकारांनी उद्धृत केलेली तिची व्यवहारविषयक वचने महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी एकत्र करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. कात्यायनाने ‘सौदायिक’ नावाचा वर्ग कल्पिला. कन्यावस्थेत असो वा विवाहानंतर, माहेरी असो वा सासरी, स्त्रीला आप्तांकडून जे मिळते ते सौदायिक. आणि त्याचे दान किंवा विक्रय करावयास ती पूर्ण स्वतंत्र आहे. धर्मशास्त्रात स्त्रीच्या स्वातंत्र्याची इतकी निःसंदिग्ध ग्वाही क्वचितच आढळते. परंतु त्याच कात्यायनाने तिला दोन ठिकाणी कुंपण घातले. स्त्रीने स्वतःच्या कलाकौशल्याने मिळविलेले आणि आप्तांव्यतिरिक्त इतरांनी प्रेमाने दिलेले, या दोहोंवर पतीचे स्वामित्व राहते. शिवाय पिता, भ्राता किंवा पती यांनी एखादी अट घालून अथवा काही कपट मनात ठेवून जे दिले, ते स्त्रीधन होत नाही. अट म्हणजे काय, याचे टीकाकारांनी दिलेले उदाहरण नेमके दागिन्याचे आहे : अमुक सणाला किंवा समारंभालाच घालावा, अशा बोलीने दिलेला अलंकार.

म्हणजे एकीकडे मनूच्या वचनावरून अंगावर वागविलेला दागिना तिचा, आणि दुसरीकडे कात्यायनाच्या वचनावरून केवळ सणासुदीला अंगावर घातलेला दागिना तिचा नव्हे. दोन्ही वचने एकाच कपाटातील एकाच दागिन्याला लागू पडू शकतात. तो नित्य वापरातला की समारंभापुरता, एवढ्यावरच निकाल. असा हा वाद सोडविण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांपैकी दोघांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरा टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (राज्यकाल १०७६ ते ११२६) आश्रयाने. त्याने ‘स्त्रीधन’ हा शब्द पारिभाषिक न मानता सरळ व्युत्पत्तीने घेतला : जे स्त्रीचे धन ते स्त्रीधन, मग ते वारशाने आलेले असो, वाटणीत आलेले असो की विकत घेतलेले असो. सतराव्या शतकातील व्यवहारमयूखाचा कर्ता नीलकंठभट्ट काशीला राहिला, पण त्याचे घराणे मूळचे पैठणचे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हेही त्याच घराण्यातील. नीलकंठाने स्त्रीधनाचे पारिभाषिक आणि अपारिभाषिक असे दोन भाग पाडून त्यांचा वारसाक्रम वेगळा केला. पारिभाषिक स्त्रीधन मुलींकडे जाते, इतर धन मुलांकडे. इंग्रजी अंमलातील न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाला, तर उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षरेला अग्रमान दिला. यामुळे एकाच इलाख्यात दोन गावच्या दोन भगिनींच्या दागिन्यांची वाट निरनिराळी होऊ शकत असे.

मुलींकडे जाणारा हा वारसा फारसा लक्षात घेतला जात नाही. आईचे स्त्रीधन प्रथम अविवाहित मुलीकडे आणि नंतर विवाहित मुलींपैकी जिची स्थिती हलाखीची तिच्याकडे, असा क्रम मिताक्षरेत आहे. ज्या समाजात जमीन, वाडा, वतन हे सर्व पुरुषपरंपरेने चालत होते, त्यात दागिना हीच काय ती स्त्रीपरंपरेने चालणारी मालमत्ता होती. मुलीला शेत देणे बापाला शक्य नव्हते. पाटल्या करून देणे शक्य होते. लग्नातील सोन्याचा आकडा बापाने वाढवावा आणि सासरने तो मोजून घ्यावा, या कुप्रथेचे मूळ शोधताना हा सरळ हेतूही विसरता कामा नये.

आता शास्त्राकडून घराकडे वळू. मराठी कुटुंबात दागिना देण्याचे प्रसंग ठरलेले होते आणि प्रत्येक प्रसंगाचा दाताही ठरलेला होता. साखरपुड्याची अंगठी, लग्नातले मंगळसूत्र, पहिल्या दिवाळसणाला सासऱ्याने जावयाच्या बोटात घालावयाची अंगठी, बाळंतविड्यात आजोळहून येणारे बाळलेणे, बारशाच्या बिंदल्या आणि वाळे, साठीची शांत, आणि पणतू झाला की पणजोबा-पणजींच्या मस्तकावर उधळावयाची सोन्याची फुले, असा हा क्रम आहे. पहिल्या संक्रांतीला सुनेला आणि जावयाला हलव्याचे दागिने घालतात. स्वामित्वाचा वाद ज्यावरून कधीच झाला नाही असा हा एकच अलंकार म्हटला पाहिजे. तो दोन दिवसांत खाऊन संपतो.

मंगळसूत्रात तर दोन्ही दाते एकाच दोऱ्यात ओवलेले असतात. त्याच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची, ही चाल सर्वपरिचित आहे. दात्याची ओळख दागिन्याच्या घडणीतच ठेवण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. बाकीच्या दागिन्यांच्या बाबतीत ही ओळख भाषेने सांभाळली. मराठीत मुलीला दागिना ‘देतात’ आणि सुनेच्या अंगावर तो ‘घालतात’. लग्नाच्या बोलण्यात वरपक्षाचा प्रश्न ‘मुलीच्या अंगावर काय घालणार’ असा असतो. घालणे या क्रियापदात देण्याचा अर्थ आहेही आणि नाहीही. ज्याने घातले तो काढूनही घेऊ शकतो, ही शक्यता त्यात उघडी राहते. सणाच्या दिवशी सासूने पेटीतून काढून द्यावा आणि रात्री मोजून परत ठेवावा, असा घराण्याचा दागिना जुन्या घरांतून असे. कात्यायनाच्या टीकाकारांनी सांगितलेला अटीचा अलंकार तो हाच. त्यासाठी कोणी स्मृती वाचलेली नव्हती. व्यवहाराने आणि शास्त्राने एकाच जागी येऊन पोचावे, याचे हे एक उदाहरण आहे.

दागिन्याच्या जातीचा विचारही या दृष्टीने करण्यासारखा आहे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, या मापाने सोने तोलले जाई. पाटल्या, तोडे यांसारख्या भरीव दागिन्यांत किंमत सोन्याची असते आणि घडणावळ त्या मानाने थोडी. वेळ आली म्हणजे सोनाराकडे मोड घातली की घट वजा जाता बहुतेक मोल हाती येते. नथ, तन्मणी, चिंचपेटी यांची गोष्ट वेगळी. त्यांची शोभा मोत्यांत आणि गुंफणीत. मोडताना त्यांचे मोल उरत नाही. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, म्हणून ती दिसते तितकी वजनाला भरत नाही. सोयीच्या दृष्टीने पाहिले तर पुतळ्यांच्या माळेला तोड नाही. पुतळी हे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. अरबी समुद्रावरील व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर येई. त्याच्या एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती अशा आकृती असत. आपल्या लोकांना त्यांत दोन बाहुल्या दिसल्या आणि नाण्याला पुतळी हे नाव मिळाले. पुढे सोनारांनी त्याच घाटाच्या, पण आपल्या देवतांच्या आकृती असलेल्या चकत्या घडविल्या. पुतळ्यांची माळ हा दागिनाही होता आणि गळ्यात बांधलेली थैलीही होती. अडचणीच्या वेळी सगळा दागिना मोडावा लागत नसे. एक पुतळी दोऱ्यातून काढली की काम भागे, आणि उरलेल्या सारख्या सरकवून ठेवल्या म्हणजे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नसे. कौटिल्याने केलेले वृत्ती आणि अलंकार असे दोन भाग या एका माळेत एकत्र आलेले आहेत.

यावरून प्रस्तुत लेखकाचे असे अनुमान आहे की, माहेरने मुलीला द्यावयाचा दागिना शक्यतो मोडता येण्याजोगा असावा आणि सासरने सुनेला घालावयाचा दागिना शक्यतो मोडू नये असा असावा, याकडे दोन्ही घरांचा स्वाभाविक कल असे. एका घराला मुलीच्या अडीनडीची चिंता, दुसऱ्याला घराण्याच्या दिमाखाची. अपवाद अर्थातच पुष्कळ असतील. गरिबाघरी तर डोरले आणि जोडवी यांपलीकडे निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी या जुन्या प्रश्नाला एका घरात तोंड फुटले आणि त्याची हकीकत स्वतः गृहस्वामीनेच लिहून ठेवली. १९०१ मध्ये मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानास परत यावयास निघाले, तेव्हा नाताळमधील हिंदी लोकांनी त्यांना निरोपादाखल सोन्याचांदीच्या आणि हिऱ्यांच्या वस्तू अर्पण केल्या. त्यांत पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा एक हार होता आणि तो कस्तुरबांसाठी होता. त्या रात्री गांधींना झोप आली नाही. सार्वजनिक सेवेचा मोबदला घेणे योग्य नव्हे, असे ठरवून त्यांनी या सर्व वस्तूंचा समाजासाठी विश्वस्तनिधी करण्याचा लेख तयार केला. पारशी रुस्तमजी आणि इतर काही जण विश्वस्त नेमले. मुलांना प्रथम आपल्या बाजूस वळवून घेतले आणि मग सकाळी पत्नीकडे गोष्ट काढली.

आत्मकथेत आलेला हा संवाद सत्यनिष्ठेचा धडा म्हणून सांगितला जातो. स्त्रीधनाच्या इतिहासाच्या दृष्टीने तो क्वचितच वाचला गेला आहे. म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य वाटते. कस्तुरबांचे मुद्दे क्रमाने पाहिले तर त्यांत एक संपूर्ण कैफियत दिसते. आपल्याला दागिन्यांची गरज नसेल, मुलांनाही नसेल, पण उद्या सुना येतील त्यांचे काय, असे त्या प्रथम विचारतात. हा वारशाचा मुद्दा झाला. आपले पूर्वीचे दागिने पतीनेच काढून घेतले होते, मग सुनांसाठी तो काय करणार, असे त्या पुढे म्हणतात. हा पूर्वानुभवाचा पुरावा. आणि माझ्या हारावर तुमचा हक्क कोणता, हा तिसरा प्रश्न थेट स्वामित्वाचा आहे. हार तुझ्या सेवेबद्दल मिळाला की माझ्या, असे गांधींनी उलट विचारले. त्यावर कस्तुरबांनी दिलेले उत्तर असे की, पतीने केलेली सेवा ही तिनेही केल्यासारखीच आहे. रात्रंदिवस ती त्याच्या घरात राबली, आल्यागेल्याचे केले, ती सेवा नव्हे काय?

कात्यायनाच्या न्यायाने हा वाद कस्तुरबा हरल्या असत्या. हार आप्तांनी दिलेला नव्हता. परक्यांनी प्रेमाने दिलेला होता, आणि अशा देणगीवर स्वामित्व पतीचे. विज्ञानेश्वराच्या न्यायाने कदाचित त्या जिंकल्या असत्या. गांधींनी पतीच्या स्वामित्वाचा आधार घेतला नाही, ही गोष्ट त्यांच्या पक्षी नमूद केली पाहिजे. सार्वजनिक सेवेतून आलेले धन समाजाचे, हा त्यांचा आधार होता आणि तो त्यांनी स्वतःच्या वस्तूंनाही तितकाच लावला. तरीही निर्णय कोणी केला हा प्रश्न उरतोच. कस्तुरबांची संमती आपण कशीबशी मिळविली, अशी प्रांजळ कबुली त्यांनी स्वतः दिली आहे. दस्तऐवज अगोदर तयार झाला होता आणि संमती नंतर आली. १८९६ मध्ये आणि १९०१ मध्ये मिळालेल्या सर्व भेटी परत करण्यात आल्या आणि त्यांचा निधी बँकेत ठेवला गेला.

याच्या शेजारी साताऱ्याचे एक उदाहरण ठेवून पाहावे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांना जेवू घालण्यासाठी आपले दागिने एकामागून एक मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या त्यागाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि ते यथार्थ आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, देण्यासाठी प्रथम ते आपले असावे लागते. माहेरच्या सोन्यावर लक्ष्मीबाईंचा अधिकार निर्विवाद होता, म्हणूनच त्यांचे देणे हे देणे ठरले. धर्मकार्य आणि दुष्काळ ही दोन्ही कारणे कौटिल्याने आणि याज्ञवल्क्याने पतीच्या बाजूने सांगितली होती. येथे ती पत्नीने आपल्या हाती घेतली.

पुढचा कायद्याचा इतिहास तुलनेने सरळ आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची ठरविली. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात विवाहापूर्वी, विवाहात किंवा विवाहानंतर, आप्ताकडून असो वा आप्त नसलेल्याकडून, मिळालेली देणगी आणि स्वतःच्या कौशल्याने मिळविलेले धन, यांचा नामनिर्देश आहे. कात्यायनाने घातलेले पहिले कुंपण त्या वाक्याने शब्दशः काढून टाकले. १९०१ च्या त्या हाराचा प्रश्न अशा रीतीने ५५ वर्षांनी सुटला. दुसरे कुंपण मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात वेगळ्या रूपात शिल्लक आहे. देणगीच्या लेखातच मर्यादित हक्क सांगितला असेल तर तो मर्यादितच राहतो.

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमानंतर लग्नातील भेटी आणि हुंडा यांतील सीमारेषा आखणे प्राप्त झाले. १९८५ मध्ये केलेल्या नियमांनी वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या याद्या लेखी कराव्यात, त्यांत वस्तूचे वर्णन, अंदाजी किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे व वधूवरांनी सह्या कराव्यात असे ठरविले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, पत्नीचे स्त्रीधन पतीकडे ठेवावयास दिले असता त्याने ते परत न केल्यास तो फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. सासरी गेल्याबरोबर दागिने उभयतांच्या मालकीचे होतात, हा पक्ष न्यायालयाने नाकारला. २०२४ मध्ये केरळातील एका प्रकरणात याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की, स्त्रीधन ही पतिपत्नींची संयुक्त मालमत्ता नव्हे. अडचणीत पतीने ते वापरले तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. ८९ पवन सोन्याच्या त्या वादात पत्नीला २५ लाख रुपये देवविण्यात आले. अडचणीत पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्यास तो बांधलेला नाही, असे याज्ञवल्क्याने म्हटले होते; न्यायालयाने त्याच्या पुढचे पाऊल टाकले.

मध्यंतरी सोन्याच्या गुणावरही सरकारचा हात पडला होता. चिनी आक्रमणानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि नवे दागिने चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे करण्यास बंदी झाली. सोनार समाजावर त्यामुळे ओढवलेल्या आपत्तीचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला जावयास हवा. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली आणि १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. ही अट लोकांनी मनाने कधीच स्वीकारली नाही, याचे कारण केवळ हौस हे नव्हते. मुलीला दिलेले सोने तिला मोडता आले पाहिजे, ही अपेक्षा त्यामागे होती, आणि चौदा कॅरटची मोड म्हणजे निम्म्याहून थोडे अधिकच सोने.

लग्नाचा वाढदिवस हा आपल्या प्रसंगमालिकेत अलीकडे आलेला प्रसंग होय. जुन्या प्रसंगांहून तो एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. दिवाळसण, बाळंतविडा, बारसे या सर्वांत दाता एक घर असते आणि घेणारे दुसरे; त्यामुळे देण्याला साक्षीदार असतात. लग्नाच्या वाढदिवसाला पती पत्नीला देतो, एकाच घरात, बहुधा दोघांच्या मिळकतीतून आणि कोणाच्याही साक्षीवाचून. मनूच्या गणनेत याला ‘प्रेमाने दिलेले’ या सदरात जागा मिळेल. पण ते खरोखर दिले, की केवळ अंगावर घातले, हे सांगावयास तिसरे कोणी नसते. १९८५ च्या नियमांतील यादीही लग्नातील भेटींपुरतीच आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कमुळे प्रत्येक दागिन्यावर शुद्धतेची खूण आणि सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. सोने किती कसाचे आणि कोणत्या पेढीचे, हे त्यावरून कळते. मालकाची नोंद त्यात नसते. ती करावयाची झाल्यास सोनाराच्या पावतीवर होऊ शकते, आणि पावतीवर नाव सामान्यतः पैसे देणाऱ्याचे लिहिले जाते.